मृगसाल

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘आपले संशोधन, अध्यापन आणि शाळा’ असा विषय कळवला, तेव्हा पहिल्या दोहोंचा तिसऱ्याशी धागा कसा जोडावा असा प्रश्न मला पडला होता. मग कपाटात नववीचे प्रगतिपुस्तक सापडले. त्यावर सन १९८३-८४ असे लिहिलेले आहे, आणि माझ्या व्यवसायातला सर्वांत उपयोगी धडा मला त्याच आकड्यावरून मिळाला होता.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आमचे इतिहासाचे सर पाच-सहा मुलांना थांबवून मोडी शिकवत. अक्षरापेक्षा आम्हांला तारखांचा जाच अधिक होई. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा शुहूर सन ११६१; हे आकडे अरबी शब्दांत लिहीत. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६० येते. पण याच शुहूर सनात झालेली पानिपतची लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. मी फळ्यावरच अडलो. सरांनी माझी वही उचलून वरचा सन सर्वांना दाखवला आणि विचारले, “आता मार्चात तुझी परीक्षा होईल, ती त्र्याऐंशीची की चौऱ्याऐंशीची?” शुहूर साल सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे शाळेसारखेच जूनमध्ये, बदलते, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. मृगसाल हे त्याचे दुसरे नाव मला त्याच दिवशी कळले.

पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. आणि पुणे विद्यापीठातून एम.ए. केले, भारत इतिहास संशोधक मंडळात बसून मोडी पक्की केली आणि पीएच.डी.साठी पेशवेकालीन पुण्याचे पाणी हा विषय घेतला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले, ते शनिवारवाड्यात आणि ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले. नळातली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेल्या उच्छ्वासांपैकी काही आजही वाटेत दिसतात. आमच्यातले बहुतेक जण त्यांना जुनी समाधी समजत असत.

या विषयाचा शोध पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात घ्यावा लागतो. गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. तरी मजुरी, चुना, वीट असे फुटकळ हिशेब मुळातूनच पाहावे लागतात. कागद बांधून ठेवलेल्या रुमालाची गाठ सोडून कागद उलगडला की कधी शाई सुकवण्यासाठी त्या काळी टाकलेली वाळू टेबलावर सांडते. पहिल्या वेळी मी ती फुंकून टाकली, आणि अजून हळहळतो.

याच हिशेबांत मी घसरलो. कागदावर सन शुहूर, पण महिना मोहरम, सफर असा चांद्र. तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे जंत्री, म्हणजे तारखा जुळवण्याचे कोष्टक, उघडल्याशिवाय कागद पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला हे कळत नाही. मी जंत्री न पाहता ५९९ मिळवले, गवंड्यांच्या मजुरीचा एक कागद वर्षभर आधीचा ठरवला आणि त्यावर निबंधातले चार परिच्छेद उभारले. एका परीक्षकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘महिना?’ ते परिच्छेद काढावे लागले. नववीत पाठ झालेली गोष्ट तिशीत चुकावी, याची लाज मला परीक्षकांपेक्षा सरांची अधिक वाटली.

गेली पंचवीस वर्षे मी एम.ए.च्या वर्गाला इतिहासलेखनाची साधने शिकवतो. मुले हल्ली कागदाचे मोबाइलवर छायाचित्र घेतात, अक्षर मोठे करून वाचतात आणि माझ्यापेक्षा लवकर लावतात. तारखेपाशी मात्र अजून तशीच थबकतात. मग मी ते जुने प्रगतिपुस्तक वर्गात फिरवतो. त्यात गणिताला छत्तीस गुण आहेत, त्यामुळे सन सोडून सगळे आधी तेच वाचतात.