तुम्ही विचारलंत म्हणून: कमानीच्या समितीतून मी का उठलो

दीड वर्षात हा प्रश्न मला लोकांनी एसटीत विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि परवा तर न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी धरून विचारला. "सुभेदार, समितीतनं का उठलात?" आधी एक दुरुस्ती. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, तेही क्लार्क. सुभेदार मला गावानं केलं, कारण गावाला प्रमोशन द्यायला काही खर्च येत नाही.

दुसरं, गावच्या गेलेल्या जवानांची नावं कोरायच्या त्या कमानीला माझा विरोध नाही. वर्गणी दिलीय, पाच हजार, पावती आहे. ज्यांना वाटतं मी सरपंचांवर रागावून उठलो, त्यांनी ती येऊन बघावी. आणि "क्लार्कला शौर्य काय कळणार" असं जे पारावर बोललं जातं तेही माझ्या कानावर आलंय. मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला रंगरूट म्हणून घाम गाळलाय. चार फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवशी, मराठा दिनाला अजून दोन मित्रांना फोन करतो. यशवंत घाडग्यांच्या पुतळ्यापुढं उभं राहायला मुद्दाम माणगावला गेलोय. बावीस वर्षांचा पोरगा, १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले सगळे पडले तरी एकटा मशिनगनवर धावून गेला आणि तिथंच संपला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच्या माघारी. हे मला पाठ आहे. शौर्य मला कळतं.

भांडण झालं ते यादीवरून. आणि यादी मीच केली होती, हे बहुतेकांना माहीत नाही.

क्लार्क माणूस, रजिस्टर आखलं. नाव, नंबर, पलटण, कुठे, कधी, कशानं. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालत होते: लढाईत, चकमकीत, ड्यूटीवर. कोणाची नावं येणार ते तुम्हाला माहीतच आहे, कारगिलच्या पोरापासून सगळी. एका ओळीपुढे मी पेन्सिलीनं "अपात्र" लिहिलं. पेन्सिलीनं का, तर म्हटलं बघू नंतर. तसा "बघू नंतर"वाला मी आयुष्यभर आहे.

त्या ओळीतल्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही, पलटणही नाही. गावाला दोन्ही ठाऊक आहेत.

२०१३ चा पावसाळा होता. सकाळी खबर आली की आक्काचा थोरला सीमेवर गेला. दोन तासांत गाव उभं राहिलं. शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ट्रॅक्टरवर फुलं, चौकात "अमर रहे" चा फ्लेक्ससुद्धा लागला, छापायला कधी टाकला देव जाणे. आम्ही माजी सैनिक अठरा जण ब्लेझर घालून, मेडल्स लावून दोन रांगांत. फॉलिन मी केलं होतं. आवाज अजून होता तेव्हा.

मग मला फोन आला. मृतदेहासोबत येणाऱ्या जेसीओ साहेबांचा, म्हणजे सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्याचा. बिचारे हळू आवाजात बोलत होते. म्हणाले, हवालदार साब, स्वतःच केलंय त्यानं. सलामी होणार नाही, बिगुल नाही, तसा आदेश आहे, आपण जुने आहात, समजून घ्या. मी समजून घेतलं. १९६७ सालचा आर्मी ऑर्डर मला ठाऊक होता. स्वतःहून ओढवून घेतलेल्या मरणाला लष्करी इतमाम नाही. असले कागद मी हातानं टाईप केलेले.

आता इथपर्यंत ठीक. इथून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी रांगेपुढे गेलो आणि म्हणालो, "मेडल्स काढा." कुणी विचारलं नाही का म्हणून. अठरा माणसांनी मेडल्स काढून खिशात टाकली. मग मी हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, पोरांना वर्गात न्या. ते बघतच राहिले. मी परत तेच सांगितलं. पोरं झेंडे गुंडाळत निघाली. फ्लेक्स कुणी उतरवला मला माहीत नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा रस्त्यावर भिजलेली फुलं आणि पंचवीस-तीस माणसं. बाकीच्यांना कानोकान कळलं होतं.

खांदा मी दिला. खिशातली मेडल्स प्रत्येक पावलाला वाजत होती. मी डाव्या हातानं खिसा दाबून धरला, तर तिरडी कलायला लागली. मागचा ओरडला, "नीट धरा की." स्मशानात आक्का जवळ आली. रडत नव्हती. माझ्या छातीकडे बघत म्हणाली, "भाऊ, आज मेडलं न्हाई लावली?"

मी म्हणालो, पाऊस आहे ना आक्का.

त्या वेळचा मी तुम्हाला सांगेल की नियम म्हणजे नियम. फौज त्याच्यावरच चालते. एकाला सूट दिली तर उद्या प्रत्येकाला द्यावी लागेल, आणि ज्यानं छातीवर गोळी घेतली त्याच्या सलामीची किंमत काय राहिली? हा मुद्दा आजही मला खोडता येत नाही. पण तो आदेश पलटणीला होता. तुकडी पाठवू नका, बिगुल वाजवू नका. गावानं रस्त्यावर उभं राहू नये असं त्यात एक अक्षर नव्हतं. ती ओळ मी माझ्या पदरची घातली. पंचवीस वर्षं कागदावर जे नाही ते न लिहिणारा माणूस मी.

हे तेव्हा कळलं नाही. कमानीच्या वेळी कळलं, तेही चावडीच्या भिंतीतल्या इंग्रजांच्या दगडामुळे. कमानीत तो कुठे बसवायचा यावर मीटिंग चालली होती. दगड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, वाचलाय किती जणांनी विचारू नका. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. आकडा आहे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे त्या युद्धात ४६ गेले, तो आकडा अख्खा जिल्हा अभिमानानं सांगतो, आमचा लहान आहे म्हणून कुणी सांगत नाही.

तर त्या आकड्यातली माणसं मेली कशानं? आपल्याकडची बरीच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेली. तिथे तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यात गोळीनं गेले तसे उपासमारीनं, हगवणीनं, कैदेत वाळवंटातून चालवताना गेले. त्या युद्धाच्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश आयोगाचा नियमच असा की सेवेत असताना ठरलेल्या मुदतीत गेला तो मोजायचा, कशानं गेला ते विचारायचं नाही. हे वाचून मी आयोगाचं कौतुक करणार होतो, तेवढ्यात दुसरी गोष्ट कळली. याच आयोगानं बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे फक्त आकडे. २०२१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे त्यांनी मोजलं सगळ्यांना, नाव दिलं नाही. आम्ही नावं द्यायला निघालो, तर मोजायलाच तयार नाही.

हे मी मीटिंगमध्ये बोललो. नीट बोललो नाही, आवाज चढला. कुणीतरी म्हणालं, "शहिदांच्या यादीत असं नाव?" मी म्हणालो, फौजेच्या कागदात शहीद हा शब्दच नाही. तिथे बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन रकाने, एक लढाईतला, दुसरा बाकी कारणांचा. विधवेची पेन्शनसुद्धा त्यावरच ठरते. शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, ६० टक्के किंवा पूर्ण. ती विभागणी सरकारनं पैशासाठी केलीय, गावानं ती कमानीवर का उचलायची? सगळे गप्प. मला वाटलं जिंकलो.

मग कारगिलच्या पोराचे वडील उठले. ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "हवालदार, माझ्या पोराच्या शेजारी लिवणार?" एवढंच. गावात मला हवालदार म्हणणारे ते एकटेच.

मी खाली बसलो. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ते चूक आहेत असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि ते बरोबर आहेत असं म्हणालो तर आक्काच्या दारावरून जाता येणार नाही. लोक म्हणतात मी वाद घालून उठलो. वाद मी त्या एका वाक्यातच हरलो होतो. तरीही पुढचे आठ दिवस समितीत होतो.

उठलो तो पुढच्या रविवारी. देवळात वर्गणी घेत बसलो होतो, पावतीपुस्तक माझ्याकडे. आक्का आली. पदराच्या गाठीतनं पाचशेची नोट काढली, घडी घालून घालून मऊ झालेली. सून नातीला घेऊन कधीच माहेरी गेली, पेन्शन तिकडे जाते, आणि जायलाच हवी. आक्का दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मी म्हणालो, आक्का, तू कशाला? ती म्हणाली, "गावाची कमान हाय न्हवं?" मी तिचं नाव लिहायला लागलो. तिनं पावतीवर बोट ठेवलं. "माझं नगं. त्याचं लिव्ह."

शेजारी खजिनदार बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, पावतीवर लिहायला काय हरकत आहे. हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, हे मी आजही सांगतो. मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे नाईक हा त्याचा हुद्दा लावला, खाली सही केली. कार्बन पेपर जुना होता, खालच्या प्रतीवर अक्षर फिकं उमटलं. ते मी पेननं परत गिरवलं. मग पुस्तक खजिनदारांपुढे सरकवलं आणि घरी आलो. राजीनामा वगैरे काही दिला नाही.

गुरुवारी माझ्या पडवीत वीरपत्नी आणि पेन्शनर येतात, त्यांचे स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचे लॉगिन, नोव्हेंबरातले हयातीचे दाखले मी बघतो. ते चालू आहे, चालू राहील. कारगिलच्या पोराच्या वडिलांचाही दाखला मीच करतो. बोटाचा ठसा मशीनवर लवकर उमटत नाही त्यांचा, तीन-चारदा घ्यावा लागतो. आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

कमान आता उभी राहिलीय. २६ जानेवारीला उद्घाटन आहे आणि माजी सैनिकांनी मेडल्स लावून यावं असं निमंत्रणात छापलंय. माझी डबीत आहेत, एकाची रिबन त्या पावसापासून डागाळलेली. आक्कालाही निमंत्रण गेलंय, वर्गणीदार म्हणून, पावतीवरच्या नावानं.