सप्टेंबरात तिथं पाणी कुठं असतं?

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी सकाळपासून प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होती. अशा दिवशी कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात सहल ठरवायला कुणी येत नाही. मी जुनी बिलं काढून बसले होते. अकराच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ दारात छत्री झटकताना दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद.

ते राधानगरीकडून एसटीनं आले होते. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं आई-वडील, बहीण, मेहुणे धरून आठ जणांची श्रीलंकेची सहल माझ्याकडे बुक केली होती. गणपती उठले की लगेच निघायचं, म्हणजे पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे लोक प्रवास टाळतात, त्यामुळे दर खाली येतात, हे मुलानं बरोबर हेरलं होतं. अ‍ॅडव्हान्स भरला होता, हॉटेलांची व्हाउचर आली होती. माझ्या दृष्टीनं काम संपलेलं होतं.

मला वाटलं, जेवणाचं विचारायला आलेत. घरातली वडीलधारी माणसं बहुतेक तेवढ्यासाठीच येतात. पण त्यांनी टेबलावर कागद पसरले, त्यातल्या पाचव्या दिवसावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, सप्टेंबरात तितं पानी कुटं असतं?"

मी म्हटलं, "तात्या, प्रत्येकाला रोज दोन बाटल्या मिळतील. गाडीत असतातच."

"मान्सांचं न्हवं. जनावरांचं."

तात्या वनरक्षक होते. सगळी नोकरी जंगलात गेली. सुरुवातीला दाजीपूरला, गव्यांच्या राज्यात. शेवटची काही वर्षं आजरा-चंदगड भागात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायची, हे त्यांनी कितीतरी वर्षं केलेलं. त्यामुळे पाचव्या दिवशी 'याला राष्ट्रीय उद्यान, जीप सफारी, बिबट्या व हत्ती दर्शन' असं वाचल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा. कोरड्या दिवसात पाणी कुठं उरतं ते कळलं की जनावर कुठं असेल ते कळतं. ते न विचारता जंगलात जायचं म्हणजे यष्टीची वेळ न बघता स्टँडवर जाऊन बसायचं, असं ते म्हणाले.

मला उत्तर येत नव्हतं. अकरा वर्षं मी या धंद्यात आहे, श्रीलंकेला निदान चाळीस कुटुंबं पाठवली असतील, पण ती सगळी डिसेंबरात नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. सप्टेंबरात पाठवायची ही पहिलीच वेळ. मुंबईच्या ज्या एजन्सीकडून आम्ही पॅकेज घेतो त्यांनी पाठवलेला कार्यक्रम मी लेटरहेडवर छापून दिला होता.

तिथल्या एका ड्रायव्हर-गाइडचा नंबर माझ्याकडे होता. मोडक्या हिंदी-इंग्रजीत आम्ही एकमेकांचं बरोबर समजून घेतो. फोन स्पीकरवर टाकला. तो एका दमात म्हणाला, "मॅडम, याला उद्यानाचा ब्लॉक नंबर वन सप्टेंबरात बंद असतो. बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाणी आटतं, म्हणून." आणि बिबटे बघायला लोक जातात तो हाच पहिला ब्लॉक. मी सातव्या दिवसाचं विचारलं, मिरिस्साला निळा देवमासा. तो हसला. तिकडचा समुद्र त्या दिवसात खवळलेला असतो. देवमाशांसाठी मिरिस्सा म्हणजे डिसेंबर ते एप्रिल.

फोन ठेवल्यावर मी काही क्षण नुसती बसून राहिले. डिसेंबरासाठी बांधलेलं पॅकेज बाराही महिने विकलं जात होतं, आणि त्यातलं एक मी एका वनरक्षकाला विकलं होतं. मुंबईला फोन लावला. तिकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "होऊन जाईल मॅडम. दुसऱ्या ब्लॉकमधून फिरवून आणू. गेस्टला काय कळतंय?"

गेस्ट समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, फक्त खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "नकाशा हाय का?"

भिंतीवरचा श्रीलंकेचा मोठा नकाशा काढून आम्ही टेबलावर पसरला. पुढचे पाच तास आमच्या ऑफिसात तेवढंच काम झालं.

आधी पावसाचं बघितलं. हे बेट आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं, पण त्याला पाऊस दोन बाजूंनी. आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी वारा मे ते सप्टेंबर नैऋत्येचा किनारा आणि डोंगर भिजवतो. उत्तर आणि पूर्वेला तेव्हा कोरड असते. तिकडं पाऊस येतो तो वर्षाच्या शेवटी, ईशान्येकडून. तात्यांनी नकाशावर मधोमध तळहाताची कड उभी ठेवली. "म्हंजे ह्यो आपला घाट. हिकडं गगनबावडा, तिकडं शिरोळ." गगनबावड्याला धो धो पाऊस, शिरोळला कोरड. इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं.

मग कोरड्या भागातलं पाणी शोधायला लागलो. ते नैसर्गिक नाही, माणसांनी बांधलेलं आहे. तिथल्या राजांनी दोन हजार वर्षांत हजारो तलाव बांधले. त्यातला मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाचा, तिसऱ्या शतकातला. त्याच्या पाण्यावर आजही भात पिकतो आणि लोक त्या राजाला 'मिन्नेरी देवियो' म्हणून पुजतात. तात्या ऐकता ऐकता थांबले. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, आणि त्याच्याच कडेनं अभयारण्य आहे. तात्यांची अर्धी नोकरी त्या पाण्याच्या काठावर गेली. "राजाचं तळं आनि भवतीनं जंगल. मग मला तितं परकं काय वाटायचं?" असं म्हणून त्यांनी मिन्नेरियाभोवती पेनानं गोल केला.

आणि हत्ती तिथंच येतात. जुलैपासून भातासाठी पाणी सुटून तलाव आटत जातो, आणि मागं सरलेल्या पाण्याच्या जागी गाळावर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूची पाणथळं कोरडी पडलेली असतात, म्हणून दूरदूरचे कळप या गवतावर उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात एका वेळी दोनशे-तीनशे हत्ती दिसल्याच्या नोंदी आहेत. दुपारी तीननंतर जंगलातून बाहेर यायला लागतात. त्या ड्रायव्हरनं एक मात्र स्पष्ट सांगितलं होतं: अलीकडे वरच्या मोठ्या धरणातून पाणी सोडतात तेव्हा तलाव भरलेलाच राहतो, गवत बुडतं आणि कळप शेजारच्या कावडुल्लाच्या नाहीतर हुरुलूच्या जंगलात सरकतात. म्हणून मुक्काम हबराना गावात करायचा, तिन्ही जंगलं जवळ पडतात, आणि कुठं जायचं ते त्याच दिवशी दुपारी ठरवायचं. कार्यक्रमात जागेचं नाव लिहायचंच नाही, 'हत्ती असतील तिथं' असं लिहायचं. मी खरोखर तसं लिहिलं. व्हाउचरवर असली ओळ मी पहिल्यांदाच टाईप केली.

दोन वाजता त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली. ठेचा, कांदा, वांग्याची भाजी. माझा डबा मी पुढं केला. जेवताना मी सहज विचारलं, "तात्या, तुम्ही तर चंदगडला हत्ती बघितलेत. मग परत हत्तीच?"

कर्नाटकातून हत्ती आपल्या आजरा-चंदगडात यायला लागले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. ऊस, भात, काजू, केळी, एका रात्रीत शेत जातं. तात्यांची ड्यूटी होती हत्ती आला की फटाके, मशाली, डबे घेऊन त्याला रानात परत घालवायची. शेतकऱ्याचा आक्रोश एका बाजूला, जनावर दुसऱ्या बाजूला, मध्ये हे चार-पाच जण. एकदा पहाटे उसाच्या फडाशी एक टस्कर त्यांच्यापासून वीस पावलांवर आला. बॅटरीच्या उजेडात त्यांना त्याच्या पुढच्या पायावर भाजल्याचा डाग दिसला. कुणीतरी मशाल फेकून मारली असणार.

ते भाकरीचा तुकडा हातात धरून बोलत होते. "ताई, मी हत्ती बगितला न्हाई आसं न्हाई. पळताना बगितलाय. माझ्यामुळं पळताना बगितलाय. मला उभा ऱ्हायल्याला हत्ती बगायचाय. निवांत खाताना."

मी डबा बाजूला सारला. पुढं काय बोलावं सुचेना, म्हणून पुन्हा नकाशाकडे वळले.

यालाच्या जागी उदावलवे घेतलं. 1972 साली राष्ट्रीय उद्यान झालं, मोठ्या जलाशयाभोवती आहे, वर्षभर उघडं असतं, आणि तिथं हत्ती दिसले नाहीत असं सहसा होत नाही. शेजारी 1995 पासून अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र चालतं. आई गेलेली, विहिरीत पडलेली, फासात अडकलेली पिल्लं तिथं वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. बघणाऱ्यांनी लांबच्या कट्ट्यावरून दूध पाजताना बघायचं, हात लावायचा नाही. मूळ पॅकेजमध्ये हत्तीला आंघोळ घालायचा कार्यक्रम होता, तो तात्यांनी आधीच खोडला होता.

तिसरं जंगल सिंहराजा. 1988 पासून जागतिक वारसा यादीत. ओलं, गच्च, सदाहरित. तिथं वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळीनं चरत येतात. सगळं रान गप्प असतं, मग एकाएकी डोक्यावर लाट येते आणि पाच मिनिटांत निघून जाते. जळवा भरपूर. मी घाबरत सांगितलं, तर तात्या म्हणाले, दाजीपूरच्या जळवांनी त्यांचं जेवढं रक्त प्यायलंय तेवढं आता अंगात शिल्लक नसेल. तंबाखू-चुन्याची डबी असली की झालं. शास्त्रज्ञ सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश धरतात हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "शेकरू असंल की तितं?" असतं, पण वेगळ्या जातीचं, करड्या रंगाचं. "गवा?" गवा तिथं एकेकाळी होता, आता एकही नाही. यावर ते बराच वेळ गप्प होते.

अस्वलाचं मात्र वाईट वाटलं. यालात जून-जुलैत पालूची फळं पिकतात, पालू म्हणजे आपली खिरणी, आणि अस्वलं ती खायला दिवसाढवळ्या झाडावर चढतात. तो हंगाम निघून गेला होता. देवमासाही सोडला.

चार वाजता मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याला यालाचं जंगल हवंच होतं. ऑफिसात सगळ्यांना बिबट्या बघायला जाणार म्हणून सांगून बसला होता. श्रीलंकेत वाघ नाही, त्यामुळे जंगलात बिबट्याच सगळ्यांत वरचा, म्हणून तो तिथं उघड्यावर ऐटीत फिरतो, हे त्यानं वाचलेलं खरंच होतं. मी समजावत होते, तेवढ्यात तात्यांनी फोन मागून घेतला. "आरं, दार बंद हाय तितं. जनावराला पानी कमी पडतंय म्हनून त्यास्नी त्यांचं रान मोकळं दिलंय. आपुन कशाला घुसायचं?" पलीकडून थोडी कुरकुर झाली आणि मिटलं.

दक्षिणेकडच्या हॉटेलांचे पैसे पूर्ण परत मिळाले नाहीत. मुंबईशी तासभर भांडून निम्मे सुटले, उरलेले मी सोसले. चूक माझी होती. छापण्याआधी एक फोन करायचा, तो मी केला नव्हता. आता माझ्या टेबलाच्या काचेखाली बारा महिन्यांचा एक तक्ता आहे, कुठल्या महिन्यात कुठलं रान कोरडं, कुठलं ओलं, कुठलं बंद. गिऱ्हाइकानं तारीख सांगितली की मी आधी तो बघते.

साडेपाचची गाडी गाठायला तात्या निघाले. पावसामुळे रस्ता बंद झाला तर मुक्काम नात्यातल्या घरी, असं म्हणत त्यांनी नवा कार्यक्रम पिशवीत नीट घडी करून ठेवला.

सप्टेंबरात, संध्याकाळी पाचच्या पुढं, ऑफिस आवरताना त्यांच्या मुलाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक आवाजी निरोप आला. आधी जीपचं इंजिन बंद झाल्याचा आवाज. मग तात्यांचा, अगदी दबका, मचाणावर बसलेल्या माणसाचा. "ताई, पन्नास तरी हायत्या. एक हितं म्होरंच हाय, दहा हातांवर. सुळं न्हाईत, हितल्या लई नरास्नी सुळं नसत्यात म्हनं. गवत पायानं खरवडतोय, मग सोंडंनं गोळा करून मांडीवर आपटून माती झाडतोय आनि मग खातोय. ऐका."

त्यानंतर तो निरोप आणखी सव्वा मिनिट चालू होता. कुणी बोलत नव्हतं. वारा होता, लांबून एका टिटवीचा आवाज, आणि मध्येच गवताची जुडी आपटल्यासारखं, फट्, फट्.