स्कॉलरशिप २५ हजारांची, भरायचे ६६ हजार

बडोद्यात दांडिया बाजारात पेढे वाटून झाल्यावर ते पत्र माझ्यापर्यंत आलं. दादाच्या मुलीला, माझ्या पुतणीला, बॉस्टनजवळच्या एका खासगी रिसर्च युनिव्हर्सिटीत बी.एस.ला प्रवेश मिळाला होता आणि सोबत मेरिट स्कॉलरशिप, वर्षाला २५ हजार डॉलर, चार वर्षं. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लगेच हिशोब टाकला: १ लाख डॉलर, म्हणजे ८५ लाख रुपये. "पोरीनं ८५ लाख मिळवले!" खाली फुलांचे गुच्छ, टाळ्या, गणपती.

पोरगी हुशार आहे यात वादच नाही. पण ते ८५ लाखांचं वाक्य मला फार खुपलं. असली वाक्यं इथे अमेरिकेत दर मार्च-एप्रिलमध्ये माझ्या कानावर येतात आणि त्यांच्यापायी आपल्याकडची शहाणीसुरती माणसं घर गहाण टाकायला निघतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

८५ लाख कुणीही कुणाला देत नाही. चेक येत नाही, खात्यात काही जमा होत नाही. युनिव्हर्सिटी स्वतःच्याच छापील फीमधून २५ हजार वजा करते, एवढंच. पत्र मात्र देखणं होतं. वर सोनेरी मुद्रा, मग पुतणीचं पूर्ण नाव, मग अभिनंदन, आणि बरोबर मध्यावर ठळक अक्षरांत २५,०००. किती भरायचे, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. तो आकडा दुसऱ्या कागदावर: शिक्षण, वसतिगृह, जेवण, विमा, पुस्तकं सगळं धरून वर्षाला ९१ हजार डॉलर. आणि पत्राच्या तळाशी बारीक टायपात अटी होत्या. दर सत्राला पूर्णवेळ शिकायचं, जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ३.२ च्या खाली जाता कामा नये, स्कॉलरशिप आठ सत्रांपुरतीच. नववं सत्र लागलं तर त्याची फी पूर्ण. रक्कम चारही वर्षं तेवढीच राहणार, हेही तिथेच एका ओळीत.

रविवारी दादाला व्हिडिओ कॉलवर बसवलं. त्याने कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान काढलं आणि कोऱ्या जागेवर सवयीप्रमाणे आधी मिळालेली रक्कम लिहिली. मी म्हटलं, "दादा, ते खोड. फक्त उरलेले लिही." ६६ हजार. ८५ रुपयांनी गुणले, ५६ लाखांच्या वर गेले. एका वर्षाचे. मग फी दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, २५ हजार मात्र जागेवरच. चार वर्षांची बेरीज २ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, परत एकदा करा बरं." त्याने केली. तेवढीच आली, आणि विमानाचं तिकीट त्यात धरलेलंच नव्हतं. शिवाय व्हिसाला लागणारा युनिव्हर्सिटीचा आय-२० हा फॉर्म हवा असेल तर पहिल्या वर्षाचे उरलेले सगळे पैसे बँकेत आहेत किंवा कर्ज मंजूर झालंय, हे आधीच कागदावर दाखवावं लागतं.

मला राग नेमका कशाचा येतो ते सांगते. इथल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये मे महिन्यात बारावीच्या मुलांचा सत्कार असतो. स्टेजवर एकेकाला बोलवतात आणि कुणाला कुठून किती स्कॉलरशिप मिळाली ते वाचून दाखवतात. मूल ज्या कॉलेजात जाणारच नाही तिथलाही आकडा बेरजेत धरतात, आणि शेवटी 'या वर्गाने इतके लाख डॉलर मिळवले' असं जाहीर होतं. माझ्या मुलाच्या वर्षी एका दंतवैद्य जोडप्याच्या मुलाला ३० हजारांची मेरिट स्कॉलरशिप जाहीर झाली. त्यांचं तलावाकाठी घर आहे, दारात बोट आहे. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही, चांगला मुलगा आहे. पण त्याच रांगेत एक मुलगी होती, तिची आई रात्रपाळीला नर्सिंग होममध्ये काम करते. त्या मुलीच्या नावापुढे जो आकडा वाचला तो या मुलाच्या निम्माही नव्हता.

यामागचं गणित सरळ आहे. समजा युनिव्हर्सिटीकडे सूट द्यायला ६० हजार आहेत. ते एकाच गरजू मुलाला दिले तर एक मूल येतं आणि बाकी फारसं काही आणत नाही. तेच १५-१५ हजार करून चार सुखवस्तू घरांना दिले तर चार मुलं येतात, प्रत्येकाचे आईबाप खूश होतात, आणि उरलेली फी चौघंही भरतात. देशभरातल्या खासगी ना-नफा कॉलेजांमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. छापील फी भरणारा माणूसच तिथे कमी. आपल्या मंगळबाजारात दुकानदार पहिला भाव कोणता सांगतो आणि आपली आई कोणत्या भावाला पिशवी उचलते, हे बडोद्यात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की तिथे सुटलेल्या पैशांचा सत्कार होत नाही.

मग पुतणीला का दिली? मी तिचा निबंध वाचला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा सोसायटीच्या तळघरात पाणी किती आणि कधी चढलं याची तिने तासातासाची नोंद ठेवली होती. पुढे त्या नोंदी तिने पावसाच्या आकड्यांशी जुळवून पाहिल्या. युनिव्हर्सिटीला पर्यावरण अभियांत्रिकीच्या वर्गात अशी मुलगी हवी होती. मार्क सगळ्यांचेच ९५ च्या वर असतात, त्यात निवड होत नाही. आपल्याकडे मेरिट लिस्ट लागते, पहिला कोण, दुसरा कोण ते भिंतीवर दिसतं. इथे त्या वर्षीच्या वर्गात काय कमी आहे ते भरतात, आणि ते ठरवणारी समिती बंद दाराआड बसते. आपली पद्धत मला जास्त स्वच्छ वाटते. पण आपल्या पद्धतीत त्या तळघरातल्या नोंदींना एकही मार्क मिळाला नसता, हेही खरं.

गंमत अशी की ज्या नावांसाठी घरोघरी जीव टाकतात तिथे ही भानगडच नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी पदवीच्या मुलांना मेरिटवर फी माफ करत नाहीत, फक्त गरज बघतात. परदेशी मुलगा पैसे मागतोय म्हणून त्याचा अर्जही मागे टाकत नाहीत. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण घरांना सगळंच मोफत केलं. हे मला मनापासून आवडतं. आत शिरायला मिळणं हीच मोठी गोष्ट, पण एकदा शिरलं की बापाच्या पगाराइतकंच मागतात. बाकीच्या बहुतेक खासगी विद्यापीठांत परदेशी अर्जदाराने गरजेवर मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते, मेरिटचं तसं नसतं. म्हणून आपली मुलं मेरिटच्या मागे लागतात, त्यात त्यांचा दोष नाही.

पूर्ण खर्च, किंवा निदान शिकवणीची पूर्ण फी, उचलणाऱ्या खऱ्या स्कॉलरशिप आहेतच. एमरी युनिव्हर्सिटीला १९७९ मध्ये कोका-कोलाच्या वुडरफ बंधूंकडून १०.५ कोटी डॉलर मिळाले, तिथल्या वुडरफ स्कॉलरशिपला नाव त्यांचंच. यूएससीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची, मॉर्क स्कॉलरशिप २०११ मधल्या ११ कोटी डॉलरच्या देणगीतून उभी राहिली. बॉस्टन युनिव्हर्सिटीची ट्रस्टी स्कॉलरशिप शिकवणीची पूर्ण फी उचलते, राहणं-जेवण मात्र आपलं. हा फरक नीट वाचा, कारण 'फुल ट्यूशन' ऐकून सगळं फुकट समजणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि ज्यांना राहण्या-जेवणासकट मिळते त्यांना त्या भागावर इथे कर लागतो. परदेशी विद्यार्थ्याकडून १४ टक्के आधीच कापतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातली ठरावीक वजावट, घेता येतं, ते विसरू नका.

आता बडोद्याबद्दल बोलायलाच हवं. खासगी अमेरिकन विद्यापीठातली मेरिट स्कॉलरशिप म्हणजे काय ते आपल्या गावाला कुणी शिकवू नये. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी २२ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ती फीमधली सूट नव्हती, संस्थानाच्या तिजोरीतून निघालेले रोख पैसे होते, आणि घेणाऱ्याला दुसरं कुणीही पाठवणार नव्हतं. कोलंबियाचा त्यात काही फायदा बघितलेला नव्हता. करार मात्र होता: परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी.

आणि आंबेडकर आले. सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्यात उतरले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला आपल्या गावाने राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसले होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण दाखवतो. स्कॉलरशिप सांगताना आम्ही बडोदेकर १९१३ वर थांबतो, १९१७ पर्यंत जात नाही. तरीही १९२५ मध्ये त्यांचा प्रबंध पुस्तकरूपात आला तो त्यांनी महाराजांनाच अर्पण केला. देणाऱ्याचं मोठेपण त्यांनी गावाच्या वागण्यात बुडू दिलं नाही.

इथल्या स्कॉलरशिपला बॉन्ड नसतो. शिका आणि कुठेही जा. आता कुणी म्हणेल, म्हणूनच तूही परत आली नाहीस. मी बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.ला इथे आले. फी माफ, वर दर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात प्रयोगशाळेत काम आणि पदवीच्या मुलांना शिकवणं. खासगी रिसर्च युनिव्हर्सिटी खरी उदार होते ती इथे, विशेषतः विज्ञानात. मी त्यांच्याकडून जे घेतलं ते काम करून फेडलं, आणि आई-बाबांचा एक रुपया लागला नाही. बडोद्यालाही मी काही कमी दिलेलं नाही. दर हिवाळ्यात डिपार्टमेंटच्या मुलांचे अर्ज मी तपासून देते, आणि त्यातली बरीच मुलं इथे नीट, कर्जाशिवाय शिकली आहेत.

हेच मी पुतणीला सांगितलं. पदवी एम.एस.मध्ये कर, मग ये. वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये तिथेच फिजिक्सची बी.एस्सी. केली, पीएच.डी.ला अमेरिकेत आले, २००९ मध्ये नोबेल मिळालं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आत्या, प्रत्येक वेळी त्यांचंच नाव का सांगतेस? त्यांच्यानंतर पन्नास वर्षं झाली." मग म्हणाली, "आणि ज्यांना पुढे फिजिक्स करायचं नाही, नदीवर काम करायचंय, त्यांनी काय करायचं?" दादा गप्प बसला. मी तिला म्हटलं, तुझा राग मला कळतो, पण २ कोटी ४० लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी नदीवर काम करू शकत नाही. तिला जिथे पगार जास्त तिथेच जावं लागतं.

विचारून बघायचं म्हणून आम्ही युनिव्हर्सिटीला लिहिलं, दुसरीकडचं जास्त सूट देणारं पत्रही जोडलं. असं विचारायला लाजू नये, इथे सगळेच विचारतात. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा स्वतः लिहिलेला, मोजका, प्रेमळ मेल आला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा जास्त नाही. जागा धरून ठेवायची शेवटची तारीख १ मे, म्हणजे आपला गुजरात दिन. पुतणीने ३० एप्रिललाच नकार कळवला आणि एम.एस.च्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीची चौकशी सुरू केली. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही. बोलेल.

ज्यांची मुलं यंदा बारावीत आहेत त्यांनी दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा: मेरिटसाठी विचार व्हायला हवा असेल तर यूएससीचा अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत, बॉस्टन युनिव्हर्सिटीचा १ डिसेंबरपर्यंत. दिवाळीच्या गडबडीत या तारखा निघून जातात, आणि मग जानेवारीत मला फोन येतात.