एडिटर कुठला, ते ठरलं एकदाचं

रविवार, रात्री पावणेबारा

आज मी बनवत असलेल्या आट्यापाट्यांच्या कॉम्प्युटर गेममधला पाटी अडवणारा गडी पहिल्यांदा नीट पळाला, आपल्या पाटीवरच, फक्त डावीउजवीकडे. इतका आनंद झाला की झोप येत नाहीये, म्हणून लिहून ठेवतोय.

गेला दीड महिना गेमपेक्षा एडिटरवरच, म्हणजे कोड कशात लिहायचा यावरच, जास्त गेला. गेम गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा हे नक्की होतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि माझ्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. पण कोड कुठे लिहायचा? ऑफिसमध्ये दिवसभर व्हीएस कोड हा एडिटर असतो, हाताला त्याचीच सवय, म्हणून आधी तोच जोडला. एडिटर सेटिंग्जमध्ये एक्स्टर्नल एडिटर ऑन केला, त्याचं गोडोचं एक्स्टेन्शन टाकलं, सगळं चाललं. फक्त ऑटोकम्प्लीट (टाइप करताना पुढचे शब्द सुचवणं) येतं ते गोडोच्याच आतल्या लँग्वेज सर्व्हर नावाच्या भागाकडून, म्हणजे गोडो मागे उघडं हवंच, आणि एवढ्याशा रॅममध्ये दोन्ही चालवायचं म्हणजे लॅपटॉपची दमछाक.

मग पंधरा दिवस व्हिम, कीबोर्डवरच सगळं चालणारा जुना एडिटर. ते खरंच आवडलं. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिलेलं, आणि उघडलं की पहिल्याच पानावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं लिहिलेलं दिसतं, ते मी रोज वाचायचो आणि बरं वाटायचं. पण मला रात्री मुलगी झोपल्यावर एक तास मिळतो, आणि त्यातला अर्धा सेटिंगच्या फाइलमध्येच जायला लागला.

शेवटी गोडोचाच आतला एडिटर उघडला, जो मी पहिल्या दिवशी साधा वाटला म्हणून सोडला होता. सीनमधला नोड (गेमचा एखादा घटक) कंट्रोल दाबून स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये, ओढला की त्याला कोडशी जोडणारी ऑनरेडीची ओळ तयार मिळते, नोडचा पाथ म्हणजे पत्ता हाताने टाइप करायला नको. गोडोच्या कुठल्याही फंक्शनवर कंट्रोल क्लिक केलं की त्याची माहिती तिथेच उघडते, इंटरनेट नसलं तरी. एफ६ दाबलं की फक्त समोरचा सीन चालतो.

आजचा बग तिथेच सापडला. गडी समोरच्याला धडकला की पाटी सोडून हळूच वर सरकायचा. मी तीन दिवस इनपुटच्या कोडमध्ये शोधत होतो. आज डीबग मेनूतून कोलिजन शेप्स (धडक मोजायचे अदृश्य आकार) दिसतील असं केलं आणि बघितलं तर दोघांचे शेप गोल, आणि गड्याला हलवणारं मूव्ह अँड स्लाइड हे फंक्शन तर नावाप्रमाणे धडकल्यावर घसरवतंच, गोलावरून गोल घसरणार तो तिरकाच. मग ते फंक्शन असलेल्या ओळीच्या खाली गड्याचा वाय (वरखालची जागा) परत पाटीच्या वायवर आणून ठेवला. एक ओळ! सीन, कोड आणि माहिती एकाच खिडकीत होतं म्हणून हे एका तासात झालं असं मला मनापासून वाटतं.

व्हिमच्या कीज मात्र हात विसरत नाहीयेत, आज खाली जायला व्हिमसारखी जे ही की दाबली आणि स्क्रिप्टमध्ये दोनदा नुसतेच jjj उमटले. ऑफिसला व्हीएस कोड राहील, तिथे कोड मोठा आहे आणि गिटचं (कोडमधले बदल जपून ठेवायचं) सगळं त्यातच बसलंय.

उद्या सूरपाटी, म्हणजे मधली उभी पाटी. तिच्यावरचा गडी उभा पळतो, म्हणजे त्याचा वाय मोकळा आणि एक्स (डावीउजवीकडची जागा) बांधलेला.