झोंबणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर देताना

समजा, गोव्याच्या राजकीय इतिहासावर यूट्यूबवर मराठी व्हिडिओ टाकला आणि निवेदनात वाक्य गेलं, 'गोव्याला १९६१ साली राज्याचा दर्जा मिळाला.' खाली कोणीतरी लिहितं, 'अरे, आधी अभ्यास कर, मग माईक धर!'

सूर झोंबतो, पण आधी मुद्दा तपासा. तो बरोबर आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. घटक राज्य झाला तो ३० मे १९८७ रोजी. मग उत्तर एवढंच: 'तुमचं बरोबर आहे. ४:१२ ला आम्ही मुक्ती आणि राज्याचा दर्जा यांची गल्लत केली. दुरुस्ती वर पिन केली आहे.' सुराबद्दल चकार शब्द नको. समोरचा अरे-तुरेवर आला तरी आपण 'तुम्ही' सोडायचं नाही, कारण हे उत्तर त्याच्यापेक्षा गुपचूप वाचणारे तिऱ्हाईतच जास्त वाचतात.

यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, फार तर चुकीचा तुकडा कापता येतो. कापलात तर तसं लिहा, नाहीतर टीका करणाराच खोटा ठरतो. प्रतिक्रिया उडवू नका. तिच्याखालची उत्तरंही जातात, स्क्रीनशॉट मात्र फिरत राहतो.

अवघड असतो तो पक्षपाताचा आरोप. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं पडली. हे अचूक सांगूनही कोणी म्हणेल, 'विलीनीकरणवाद्यांना दोन वाक्यांत गुंडाळलंत.' इथे आकडे पुन्हा तोंडावर फेकून काय होणार? आक्षेप आकड्यांवर नाहीच. कोणत्या बाजूला किती मिनिटं दिली ते घड्याळ लावून मोजा. कमी पडली असतील तर काय राहिलं ते नेमकं लिहा: 'विलीनीकरण फेटाळलं गेलं, तरी त्याच वर्षी मार्चमधल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच (मगोप) पुन्हा जिंकला, हे आम्ही सांगायला हवं होतं.' मोजून बाजू पुरेशी निघाली, तर मिनिटं सांगा आणि मतभेद मान्य करून थांबा.

'भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत' हे मात्र लिहूच नका. त्या 'असल्यास'ने चूक अलगद समोरच्याच्या गळ्यात पडते, आणि ते सगळ्यांना कळतं.

नुसती शिवीगाळ असेल तर उत्तर न देता त्या खात्याला चॅनलवरून लपवा; त्याला तशी सूचना जात नाही. पण तोच आक्षेप चिकाटीने पुन्हा मांडणाऱ्यावर हे हत्यार चालवू नका.