शरद पॅलेट : झेंडूचं केशरी सुटलं, काळं अडकलं

कार्डावरचा झेंडू जमला, मंडळी. तपकिरी क्राफ्ट कागदावर मरगळलेला, पांढऱ्यावर विटकरी झालेला आणि काळ्या जाड कार्डस्टॉकवर तर थेट हॅलोविनचा भोपळा होऊन बसलेला तो झेंडू काल एकदाचा झेंडू दिसला. दसऱ्याच्या शुभेच्छा कार्डांचा संच वेळेत निघेल असं आता वाटतंय. आपट्याच्या पानाचं अजून भिजत पडलंय, त्याकडे येतोच.

मागचा संच आठवत असेल. क्राफ्टचा कार्डबेस, त्यावर डिस्ट्रेस शाईच्या स्पाइस्ड मार्मलेड (केशरी) आणि रस्टी हिंज (गंजासारखी) या छटा ब्लेंड केलेलं पॅनेल, कडेला व्हिंटेज फोटो या तपकिरी छटेची धुरकट किनार. परदेशी 'फॉल' कार्डांचा हा ठरलेला साचा. तिकडच्या पानगळीच्या झाडांना तो शोभतो, कारण ते पान वाळायच्या वाटेवरच असतं. हरितद्रव्य ओसरतं, आत दडलेला पिवळा-केशरी उघडा पडतो आणि पुढचा मुक्काम तपकिरी. आपल्याकडे कोल्हापुरात आश्विनात काहीच वाळलेलं नसतं. ऊस हिरवागार, भाताला पिवळी झाक यायला लागलेली, मसाई पठारावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी कुठे कुठे रेंगाळलेला, आभाळ धुऊन पुसून निळं, आणि कपिलतीर्थ मार्केटात झेंडूचे ढीग. पन्हाळ्याच्या उतारांवरचं गवत तांबूस व्हायला दिवाळी तोंडावर यावी लागते. म्हणजे केशरी तेच, पण त्याचे शेजारी सगळे ओले. तपकिरी साच्यात आपला झेंडू कोंबला की काय होतं ते आईने कार्ड हातात घेऊन एका वाक्यात सांगितलं, "कालची फुलं आणलीस व्हय रे?"

आता मूळ दुखणं. संशय सगळा केशरीवर होता, म्हणून आधी कार्व्हड पंपकिन, मग वाइल्ड हनी या दुसऱ्या छटा, मग कॅमलचा पोस्टर कलर, असं सगळं वापरून झालं. फरक शून्य. शेवटी फोनवर कार्डाचा फोटो काढला, सॅच्युरेशन तळाला नेलं आणि राखाडी चित्र बघितलं. झेंडू गायब! मागचा भाताचा हिरवा आणि पुढचा केशरी, दोघांचा उजेड-अंधार तंतोतंत एक. रंग दोन, व्हॅल्यू एकच. अशा वेळी डोळ्याला कड सापडत नाही. दोन्ही रंग एकमेकांवर थरथरतात आणि फुलाचा आकार काही उभा राहत नाही. ज्यांनी अजून हा प्रयोग केला नसेल त्यांनी पॅलेट ठरवण्याआधी करावाच. फुकट आहे आणि कलर व्हीलपेक्षा जास्त शिकवतो.

दुसरी गोष्ट तपकिरीची. इंद्रधनुष्यात तपकिरी नसतो. तपकिरी म्हणजे कमी उजेडाचा केशरी, आणि तोही आजूबाजूला त्याच्याहून उजळ काही असेल तेव्हाच तपकिरी दिसतो. मंद केशरी ठिपका पांढऱ्याशुभ्र कागदाच्या मध्ये ठेवला की तो विटकरी दिसतो. तोच ठिपका गडद शेजारात ठेवला की पेटतो. पांढऱ्या पॅनेलवर माझी शाई जरा दाट झाली की फुलाची वीट का व्हायची, ते इथे कळलं. आणि क्राफ्ट? क्राफ्ट हा स्वतःच फिका पडलेला, मळका केशरी आहे. डिस्ट्रेस शाई विरघळणाऱ्या रंगाची, पारदर्शक. खालचा कागद तिच्यातून दिसणारच. केशरीवर केशरी चढवून उठाव कुठून येणार?

शेजारच्या रंगाचा हा खेळ जुना आहे. पॅरिसच्या गोबेलाँ या विणीव भिंतपडद्यांच्या कारखान्यात शेव्हरेल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, काळ्याच्या शेजारी विणलेले रंग त्याला मारत होते. माणूस रसायनाचा, पण उत्तर निघालं डोळ्यात. शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटीला काम करताना माझंही बऱ्याचदा हेच होतं. पार्ट बरोबर असतो, नडतं ते फिटिंग.

तर उपाय असा ठरला की फूल डायने (कापायच्या साच्याने) वेगळं कापायचं, पांढऱ्या कागदावर रंगवायचं आणि गडद पट्ट्यावर चिकटवायचं. झालरीच्या गोल डायचे तीन आकार घेतले. खालचा थर रस्टी हिंज, मधला स्पाइस्ड मार्मलेड, वरचा वाइल्ड हनी. खऱ्या झेंडूत पाकळ्यांच्या खाचेत लालसर अंधार असतो आणि कडेला पिवळा उजेड, तेच उलगडून थरांत मांडलं. पाकळ्या जुन्या माउस पॅडवर बोन फोल्डरने (घडी दाबायच्या पट्टीने) दाबून वळवल्या. फूल कागदापासून दोन-तीन मिलिमीटर उचललं गेलं आणि त्याची सावली खालच्या थरावर पडली. ती सावली फुकटचा चौथा रंग आहे. पहिलं फूल बसवलं आणि मी स्वतःशीच "नाद खुळा" म्हणालो.

पण फुलामागचं आभाळ राहिलं होतं. वर निळं, खाली झेंडूची झळ असं पॅनेल हवं होतं. निळा आणि केशरी समोरासमोरचे रंग, मध्ये भेटले की चिखल. निळ्या-केशरीच्या मध्ये पिवळा घातला तर निळ्याशी मिळून हिरवा. पांढरी फट ठेवली तर जत्रेतला पडदा. उत्तर तेरड्याने दिलं. निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली केशरी. निळा-गुलाबी मिळून जांभळा होतो, गुलाबी-केशरी मिळून संध्याकाळ, आणि निळ्या-केशरीची गाठच पडत नाही. क्रम महत्त्वाचा. आधी गुलाबी मधोमध, मग खालून केशरी गुलाबीत चढवत न्यायचा, निळा शेवटी आणि ब्रश वेगळा. एकच ब्रश पुसून वापरला तरी निळ्याची कणी उरते आणि केशरीला राखुंडी लागते.

ब्रशवरून सांगतो. महागडे ब्लेंडिंग ब्रश घेऊ नका. महाद्वार रोडला मेकअपचे दाट केसांचे ब्रश मिळतात, त्यात आणि त्यांत काडीचा फरक नाही. फोमचे बोटटोपे मात्र माझ्या मनातून उतरलेत, कडेची गोल वळी जाता जात नाही. आणि रंग रात्री ठरवू नका. घरातला २७०० केल्विनचा पिवळट बल्ब केशरीचे लाड करतो आणि निळ्याला काळवंडवतो. मी आता टेबलावर ६५०० केल्विनची ट्यूब लावलीय, तरी शेवटचा निकाल सकाळी गॅलरीत.

कागद लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसच्या कात्रणांतून उचलतो, २५०-३०० जीएसएमचे सुंदर तुकडे जवळजवळ फुकटात येतात. वॉटरकलर कागद मात्र ऑनलाइन मागवला होता. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण गठ्ठा उघडाच आला आणि सायझिंग, म्हणजे शाई शोषू न देणारा लेप, गेलेलं. शाई टेकवली की ठिकठिकाणी गडद ठिपके. आपल्या पावसाळ्यात चांगल्या कागदाचंही हेच होतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर कागद हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

इथपर्यंत झेंडू. आता काळं.

गडद पट्ट्यासाठी बाजारचा काळा कार्डस्टॉक आणला होता, त्याचाच तो भोपळा झाला. सपाट काळा आणि केशरी ही जोडी आता ऑक्टोबरात जगभर एकाच सणाची आहे, तिच्यातून दसरा निघत नाही. मला हवा होता अंबाबाईच्या देवळाचा दगड पावसात भिजल्यावर दिसतो तो काळा, निळसर आणि आत खोली असलेला. पेन्स ग्रे हा निळसर राखाडी करून बघितला, कोरडा वाटला. नेव्ही निळा घेतला तर शाळेच्या गणवेशाची आठवण. हा भाग 'अपूर्ण' म्हणून सोडून द्यायचा विचार होता, तेवढ्यात दारातल्या चपलांकडे लक्ष गेलं.

आमचं चपलांचं स्टँड लोखंडी आणि गंजलेलं. त्यावर ओली कोल्हापुरी ठेवली की तळाला काळे-निळे पट्टे उमटतात आणि ते घासून जात नाहीत. कारण उघड आहे. आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, म्हणजे त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरलेलं. टॅनिनला लोखंड भेटलं की काळं होतं. जुन्या पोथ्या-दस्तांच्या काळात शाईचा एक प्रकार याच रसायनावर चालायचा. म्हणजे मला हवा तो काळा दारातच पडला होता!

मग आयुर्वेदिक दुकानातून हिरड्याची पूड आणली आणि रात्रभर पाण्यात भिजवून कापडातून गाळली. दुसऱ्या बाटलीत व्हिनेगरमध्ये लेथवरचा लोखंडाचा चुरा. कास्ट आयर्नचा घेऊ नका, त्यातलं ग्रॅफाइट सुटतं आणि सगळं मेणचट काळं होतं. माइल्ड स्टीलचा घ्या आणि कूलंटचं तेल साबणाने धुऊन मगच टाका. झाकण घट्ट लावायचं नाही, आत हायड्रोजन सुटतो. कागदावर आधी हिरड्याचं पाणी, ते वाळल्यावर लोखंडाचं. टेकवताना राखाडी दिसतं, मग हवा लागून हळूहळू गडद होत जातं. सकाळी बघितलं तर निळसर काळं, कुठे दाट, कुठे विरळ, ओल्या दगडासारखं. हिरड्याचं टॅनिन लोखंडाबरोबर निळ्याकडे जातं आणि बाभळीच्या सालीचं हिरवट काळ्याकडे, त्यामुळे इथे हिरडाच. लोखंड कमी आणि हिरडा जास्त ठेवायचा, कारण लोखंड आणि आम्ल दोन्ही मिळून कालांतराने कागद खातात. जुन्या कागदपत्रांत अशा शाईच्या ओळी जळाल्यासारख्या आरपार गेलेल्या असतात. शुभेच्छा कार्डाला एवढी भीती नाही, पण कुणी अल्बमसाठी करणार असेल तर जपून.

अडलंय ते पुढे. डिस्ट्रेस शाई पाण्याला लगेच सुटते. आभाळाचं ब्लेंडिंग झाल्यावर खाली हिरड्याचा ओला हात मारला की केशरी वाहून काळ्यात उतरतं आणि तो चिखल परत हजर. आधी काळं करून मग ब्लेंड करावं, तर जोडाची रेघ कापल्यासारखी दिसते. रंग लागू नये म्हणून जागा झाकणारं मास्किंग फ्लुइड लावलं तर निघताना कागदाची साल घेऊन निघालं.

आणि हे लिहिता लिहिता सुचतंय की काळं पॅनेलवर रंगवायचंच कशाला? वेगळ्या कागदावर मोठा वॉश मारून ठेवायचा, वाळला की हाताने फाडून पट्ट्या काढायच्या. फाटलेली कड म्हणजे जोतिबाच्या डोंगराची रेघ. फाडताना कागद आपल्याकडे ओढला की कडेला पांढरी किनार उघडी पडते, पलीकडे ढकलला की पडत नाही. डोंगरामागून आभाळ, पुढे झेंडू. थर वाढतोय, पण १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड सी-सिक्स पाकिटात अजून बसेल. आज रात्री हेच.

आपट्याचं पानही मग त्याच पट्टीवर. खरं पान मंद राखट हिरवं असतं, त्याला सरसकट सोनेरी एम्बॉसिंग (पावडर वितळवून उठाव) केलं की ते झेंडूच्या कुळात जातं आणि पुन्हा कुणी कुणाला दिसत नाही. पान हिरवंच ठेवून फक्त शिरा आणि दोन पाळ्यांमधली खाच सोनेरी करायची असं मनात आहे.

दिवाळी पाडव्याचा संच वेगळा निघणार. पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, म्हणून तो संच गुळाचा. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतात, त्यावर गुळाचा रंग ठरतो. पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत एकाच कढईतल्या छटा, सोबत उसाच्या तुऱ्याचा रुपेरी-जांभळट. कुणाकडे त्या तुऱ्याच्या जवळपास जाणारी शाई असेल तर शेड कळवा, मला अजून सापडलेली नाही.

सध्या एकच तातडीचं. हिरड्याच्या काळ्यावर पांढरी एम्बॉसिंग पावडर कुणी वितळवून बघितलीय का? हीट गनखाली तो काळा भुरा पडतो की टिकतो, एवढं आधी कळलं तर बरं, कारण "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" नेमकं त्या पट्टीवर यायचंय.