राखेतला स्क्रू

शनिवार, रात्री उशिरा

आज कामाला हातच लागला नाही. डच चित्रकार यान लायकेनचं एक कोरीव चित्र दुपारपासून स्क्रीनवर उघडं आहे. ‘मार्टिर्स मिरर’ या, श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या रक्तसाक्षींच्या हकिकतींच्या जाडजूड डच ग्रंथाच्या १६८५ च्या आवृत्तीतलं. जागा अँटवर्प, साल १५७३. आग विझली आहे आणि दोन मुलगे राखेत काहीतरी शोधताहेत. आद्रियान पंधराच्या आसपास, हान्स जेमतेम तीनचा. शोधताहेत तो आईच्या जिभेला लावलेला स्क्रू.

आई, माइकेन वेन्स. नवरा गवंडी आणि त्यांच्या ॲनाबॅप्टिस्ट (म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती) मंडळीचा उपदेशक. ६ ऑक्टोबरला तिला जाळायला नेलं, तेव्हा वाटेत ती लोकांशी बोलेल म्हणून जीभच जखडून टाकली. आद्रियान धाकट्याला घेऊन बाकावर चढून उभा राहिला, आईला शेवटचं बघायला. पण ऐन वेळी त्याला भोवळ आली. शुद्धीवर आला तोवर सगळं उरकलं होतं. मग तो राख चिवडायला गेला.

गुन्हा काय, तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नव्हे, कळत्या वयात आपल्या मनाने घ्यायचा तो खरा, असं मानणं. आज वाचताना वाटतं, एवढ्याशासाठी? पण त्या काळी मूल बाप्तिस्म्यानेच ख्रिस्ती समाजात आणि गावात जमा होई. तो नाकारायचा, वर शपथ घेणार नाही, तलवार धरणार नाही म्हणायचं. राज्यकर्त्यांना यात सरळ बंड दिसलं. म्युन्स्टर या जर्मन शहरात १५३४-३५ साली या ॲनाबॅप्टिस्टांतल्याच काहींनी खरोखर शस्त्र उचललं, आणि त्याची झळ शस्त्र न धरणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं बसली.

मात्र छळ त्याआधीच सुरू झाला होता. मला सगळ्यात जास्त चीड येते ती १५२९ मध्ये श्पायर या जर्मन शहरात भरलेल्या राजसभेची. धर्मसुधारक लुथरच्या बाजूच्या राजांनी तिथे आपल्या श्रद्धेसाठी बाणेदार निषेध नोंदवला, आणि त्याच सभेत पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना देहदंड द्यायला कॅथलिकांच्या बरोबरीने मान डोलावली. स्वतःपुरता विवेक! सोळाव्या शतकात अशी दोन ते अडीच हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

झ्युरिकचा ॲनाबॅप्टिस्ट फेलिक्स मान्झ तर खुद्द तिथल्या झ्विंग्ली या धर्मसुधारकाच्या वर्तुळातला. ५ जानेवारी १५२७ ला हात बांधून, गुडघ्यांवरून ओढून घेऊन, मधून दांडा घालून त्याला लिमात नदीत ढकललं. काठावरून त्याची आई ओरडून सांगत होती म्हणे, डगमगू नकोस.

इथे मी अडते. मरणाऱ्यांचं मला कळतं, निदान कळल्यासारखं वाटतं. पण ही आई? माझा मुलगा दहावीत आहे, पलीकडच्या खोलीत झोपलाय. मी काठावरून काय ओरडले असते? ‘हो म्हणून टाक रे, आधी बाहेर ये,’ हेच. माइकेनने तुरुंगातून आद्रियानला पत्र लिहिलं. देवाला भिऊन राहा, माझी आठवण म्हणून एकमेकांचे मुके घ्या, अशा अर्थाचं. वाचून रडू आलं आणि रागही आला. तीन वर्षांच्या पोराला आई हवी असते, रक्तसाक्षी नव्हे. (हे त्या माणसांच्या वंशजांसमोर म्हणायची माझी छाती नाही. त्यांनी ही पत्रं पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत.)

रॉटरडॅमची आनेकेन यान्स पकडली गेली ती प्रवासात भजन म्हणताना कुणीतरी ऐकलं म्हणून. २४ जानेवारी १५३९ ला तिला बुडवायला नेलं. वाटेत गर्दीत तिने हाक घातली, माझ्या पंधरा महिन्यांच्या इसायाला कोण सांभाळील? एक बेकरीवाला पुढे झाला. तिने त्याच्या हवाली मूल केलं, पैशांची थैली केली आणि मुलासाठी लिहिलेलं पत्रही. आपला छळ होणाऱ्या छोट्या कळपातच तुझी वाट शोध, असं त्यात बजावलेलं.

इसाया मोठा होऊन बिअर गाळायच्या धंद्यात पडला आणि पुढे रॉटरडॅमचा नगराध्यक्ष झाला. आईच्या पंथात सत्तेची पदं वर्ज्य! तिचं पत्र त्याने वाचलं असणारच. वाचूनही तो नगरसभेत जाऊन बसला, याचं मला मनापासून बरं वाटलं.